चांगल्या दिवसाबद्दल बोलू नका

मुलाखतीला निघालेल्या माणसाला आमच्याकडे सगळे एकच सल्ला देतात: चांगल्या दिवसाबद्दल बोलू नका. गुरुद्वाऱ्यात लंगरला शेजारी बसलेली पंजाबी आजी हेच सांगते, मंडळाच्या गणपतीत भेटणारे निवृत्त काकाही हेच सांगतात. सगळ्यात वाईट दिवस आठवायचा आणि तेवढाच सांगायचा. बरं वाटलं, जरा फिरून आलो, आज स्वयंपाक जमला, हे तोंडातून निघता कामा नये.

आमच्याकडे म्हणजे पश्चिम लंडनमध्ये. विमानं इथे छपरावरून जातात, आणि निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी विमानतळावर किंवा त्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या धंद्यात राबत असतं. मुलाखत म्हणजे नोकरीची मुलाखत नव्हे. आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे, नाहीतर घरातल्या आजारी माणसाचं करावं लागतं म्हणून जे सरकारी मदतीवर जगतात, त्यांना जॉबसेंटरमधून, म्हणजे सरकारी रोजगार कचेरीतून, बोलावणं येतं. ‘वर्क कोच’ नावाचा अधिकारी समोर बसतो. काम करता येईल का, किती तास, कशा प्रकारचं, अडचण काय, अशी चर्चा होते. ऐकायला यात वावगं काही नाही. पण सबळ कारणाशिवाय गेलं नाही तर पैसे कापले जातात, आणि तिथे बोललेलं सगळं कॉम्प्युटरवर नोंदवलं जातं. त्यामुळे चर्चेला बसलेला माणूस चर्चा करत नाही. जबानी दिल्यासारखा मोजून मापून बोलतो.

अशा मुलाखतींना मी बरोबर जाते. कोणाला भाषेची अडचण असते, कोणाला नुसतं शेजारी कोणीतरी हवं असतं. सोबत माणूस नेता येतो, दुभाषीही मागता येतो, फक्त तो आधी सांगून ठेवावा लागतो. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून इथेच सांगून टाकते.

आमच्या गल्लीतल्या एक वहिनी आहेत. माहेर-सासर दोन्ही सांगली जिल्ह्यातलं. विमानात जाणारं जेवण जिथे बनतं तशा एका किचनमध्ये ट्रे भरायचं काम त्या कित्येक वर्षं करत होत्या. दादांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि वहिनींनी काम सोडलं. युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घराला दरमहा मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, अर्ज केला. नवरा-बायकोचा अर्ज एकत्र असतो, त्यामुळे दोघांनाही कामाबद्दलची बांधिलकी लिहून द्यावी लागते.

नियम खरं तर वहिनींच्या बाजूने आहे. गंभीर अपंगत्व असलेल्या माणसाची आठवड्याला किमान ३५ तास काळजी घेणाऱ्यावर कामाची कुठलीही अट घालायची नाही, मुलाखतीचीसुद्धा नाही. पण त्या माणसाचं अपंगत्व गंभीर आहे हे ठरतं ते त्याला दुसरा एक भत्ता मंजूर झाला की. पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, सगळे त्याला ‘पिप’ म्हणतात. त्याचा निर्णय यायला कित्येक महिने जातात. तोवर काय करायचं हे समोरच्या कोचच्या समजुतीवर. आणि उद्या फेरतपासणीत दादांचं पिप बंद झालं तर वहिनींचा काळजीवाहू भत्ताही (केअरर्स अलाउन्स) त्याच्याबरोबर जातो. दोघांचं जगणं एका कागदाला बांधलेलं.

तर त्या मधल्या काळात वहिनींना बोलावणं आलं. कोच तरुण मुलगी होती, बोलायला नीट, घाई न करणारी. तिने विचारलं, तुमचा दिवस कसा जातो?

वहिनी म्हणाल्या, “काही नाही, घरीच असते. ह्यांचं बघते.”

मी ते इंग्रजीत सांगितलं नाही. म्हटलं, “वहिनी, पहाटेपासूनचं सांगा.” मग त्या सांगायला लागल्या. पहाटे आधी चादर ओली आहे का बघायची. दादांचा डावा हात स्वतःच्या मानेभोवती घ्यायचा, आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवायचा आणि एका दमात पलंगावरून खुर्चीत. चहात पावडर घालून तो पेजेसारखा घट्ट करायचा, कारण पातळ काही दिलं की ठसका लागतो आणि ते फुप्फुसात उतरण्याची भीती. एक चमचा दिला की गिळेपर्यंत थांबायचं, गळ्याकडे बघायचं, मग दुसरा. एक कप चहाला पाऊण तास. गोळ्या कुटून द्यायच्या. फिजिओने शिकवलेले व्यायाम, बोट न् बोट उघडायचं. संडास. मग शब्द सापडत नाहीत म्हणून दादा चिडतात, रडतात, तेव्हा जवळ बसायचं. रात्री दोनदा कूस बदलून द्यायची.

कोचने टाइप करणं थांबवलं होतं. जरा वेळाने तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, यातून आठवड्याला किती तास काम करू शकाल? मला तिचा राग आला नाही. समोरच्या रकान्यात आकडा घातल्याशिवाय तिचं काम पुढे सरकणार नव्हतं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या भाषांतराची वाट न बघता स्वतःच म्हणाल्या, “झिरो.”

परतताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “ताई, मला जायचंय हो कामाला. दोन दिवस का होईना. चार माणसांत बसून डबा खाल्ल्याला किती दिवस झाले. पण तसं म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, मग नवऱ्याजवळ कोण बसायची गरजच नाही.”

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे, आणि वहिनींनी ते माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं. कामाची इच्छा जाणून घेण्यासाठी ठेवलेल्या मुलाखतीत ती इच्छा लपवावी लागते. आधार जाईल या भीतीने माणसं शून्य सांगतात. मग ती शून्यं गोळा होतात, आणि पुढच्या निवडणुकीत कोणीतरी उभं राहून म्हणतं की या लोकांना कामच करायचं नाही.

‘घरीच असते’ हे फक्त सांगलीकडच्या बाईच्या तोंडी असतं असंही नाही. या देशाच्या कायद्यानेही तेच मानलं होतं. मेरी वेब्स्टर नावाच्या एक अविवाहित धर्मोपदेशिका होत्या. आईवडिलांचं करण्यासाठी १९५४ मध्ये त्यांनी काम सोडलं. १९६३ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रांना पत्र लिहून या अडकलेल्या आयुष्यांबद्दल जाहीरपणे सांगितलं, तर त्यांच्यासारख्याच बायकांची पत्रं ढिगाने आली. १९६५ मध्ये त्यातून संघटना उभी राहिली. आजची ‘केअरर्स यूके’ ही संस्था त्याच मुळातून वाढलेली आहे. १९७६ मध्ये काळजी घेणाऱ्यांसाठी पहिला भत्ता आला, इनव्हॅलिड केअर अलाउन्स. पण लग्न झालेल्या बाईला तो मिळत नसे, लग्नाशिवाय पुरुषाबरोबर राहणाऱ्या बाईलाही नाही. ती एरवीही घरीच असणार, मग तिचं काय नुकसान? जॅकलिन ड्रेक या विवाहित बाईने आजारी आईसाठी १९८४ मध्ये नोकरी सोडली, भत्ता नाकारला गेला, आणि प्रकरण थेट लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं. जून १९८६ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. निकालाच्या तोंडावर सरकारने घाईघाईने नियम बदलला. म्हणजे नवऱ्याचं, सासूचं, आईचं करणाऱ्या विवाहितेचं काम हे काम आहे, एवढं मानून घ्यायला दहा वर्षं आणि परदेशातलं एक न्यायालय लागलं. मला ही हकीकत कळली तेव्हा ड्रेकबाईंबद्दल फार आपुलकी वाटली.

मुलाखतींची सक्ती त्यानंतरची. १९९९ च्या कायद्याने तिची वाट मोकळी केली. भत्ते देणारं खातं आणि नोकऱ्या शोधून देणारं खातं एकत्र करून २००२ च्या सुमारास जॉबसेंटर प्लस उभं राहिलं. पैसे हवेत तर आधी कामाबद्दल बोलायला या, असा तो मामला. २००३ मध्ये काही जिल्ह्यांत ‘पाथवेज टू वर्क’ सुरू झालं. आजारपणाचा भत्ता मागणाऱ्याला साधारण आठव्या आठवड्यात पहिली मुलाखत, मग महिन्याला एक अशा आणखी पाच. त्यात काही गोष्टी खरोखर चांगल्या होत्या. आरोग्यसेवेच्या मदतीने दुखणं सांभाळून जगायला शिकवणारे वर्ग होते. कामाला लागलेल्या कमी पगाराच्या माणसाला वर्षभर आठवड्याला ४० पौंड वरून मिळत. ही मदत मला आजही हवीशी वाटते. पण २०१० मध्ये नॅशनल ऑडिट ऑफिसने योजनेचा हिशेब तपासला तेव्हा खर्चाच्या मानाने परिणाम फार थोडा दिसला. नाव मात्र टिकलं. मार्च २०२५ मध्ये सरकारने अपंगांच्या भत्त्यांत बदल सुचवणारा मसुदा काढला, त्याचंही नाव तेच.

वहिनी काळजी घेणाऱ्या. ज्याची काळजी घ्यावी लागते किंवा लागू शकते, त्याचं दुखणं वेगळं. पुण्याहून आलेला एक मुलगा आहे, मला मावशी म्हणतो. सॉफ्टवेअरमध्ये होता, कायम राहण्याचा परवाना मिळाला आणि त्याच सुमारास मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचं निदान झालं. नोकरी सुटली. इतकी वर्षं पगारातून नॅशनल इन्शुरन्सची सरकारी वर्गणी भरली होती म्हणून त्या जोरावर त्याला एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स हा आजारपणाचा भत्ता मिळाला. त्यातही दोन गट असतात. ज्यांची प्रकृती फारच वाईट त्यांच्यावर अटी नाहीत. आज काम जमत नाही पण तयारी करता येईल, असं ज्यांच्याबद्दल ठरतं, त्यांना मुलाखती असतात आणि भत्ता एक वर्षापुरता. तो या दुसऱ्या गटात.

गट ठरवायला आधी एक तपासणी होते. गुणांवर चालते. १५ गुण मिळाले तर काम करण्याची क्षमता मर्यादित आहे असं धरतात. ५० मीटर न थांबता जाता येतं का, अर्ध्या लिटरचा भरलेला डबा उचलून हलवता येतो का, कोटाच्या वरच्या खिशात काही ठेवायला हात वर जातो का. त्याचा हात वर जातो. डबाही उचलला जातो, सकाळी. सकाळचे तीन तास त्याचं डोकं पूर्वीसारखंच लखलखीत चालतं, मी त्याला कोड लिहिताना पाहिलंय. दुपारी दृष्टी धूसर होते, पाय शिशाचे होतात, खोली जरा तापली तर आणखी वाईट. मग एखादा आठवडा असा येतो की सकाळही उगवत नाही. कोणता आठवडा तसा निघेल हे त्यालाही आधी कळत नाही. आता सांगा, याने ‘होय’ लिहायचं की ‘नाही’? नियमांत लिहिलंय की एखादी गोष्ट पुन्हापुन्हा आणि सुरक्षितपणे जमत नसेल तर ती जमत नाही असंच धरावं. शहाणा नियम आहे. पण तपासणीच्या तासाभरात जे दिसतं त्याला पुन्हापुन्हा कुठून दाखवणार?

त्याच्या मुलाखतीला मी बाहेर बसले होते. कोचने त्याला विचारलं, एखाद्या चांगल्या दिवशी काय काय करता? त्याने चांगल्या दिवसाचं उत्तर दिलंच नाही, वाईट आठवड्याबद्दल बोलला. बाहेर आल्यावर म्हणाला, “मावशी, मी खोटं नाही बोललो. पण अर्धंच बोललो.” त्याला त्या उरलेल्या अर्ध्याबद्दलच बोलायचं होतं. घरून, सकाळचं, तीन तासांचं काम मिळेल का? ‘ॲक्सेस टू वर्क’ नावाची सरकारी योजना १९९४ पासून आहे, तिच्यातून खास खुर्ची, स्क्रीन, टॅक्सी, मदतनीस यांचा खर्च मिळू शकतो, तिच्याबद्दल विचारायचं होतं. त्यातलं काहीच विचारलं नाही, कारण तीन तास म्हटले की ती नोंद होणार, आणि पुढच्या तपासणीत तीच नोंद समोर ठेवली जाईल असं त्याला वाटलं. तिथे पंचवीस-तीस वर्षं वयाचा एक हुशार मुलगा स्वतःच्या हुशारीची वाच्यता होऊ नये म्हणून घाबरून बसला होता. माझ्या पोटात तुटलं.

ही भीती मनाचे खेळ नाहीत. सरकारनेच ती मान्य केलीय. २०२५ च्या त्याच मसुद्यात ‘काम करून पाहण्याचा हक्क’ कायद्यात आणू असं वचन आहे, म्हणजे कोणी कामाला सुरुवात केली एवढ्याच कारणाने त्याची फेरतपासणी लावायची नाही. मी या कलमाच्या पूर्णपणे बाजूने आहे. पण त्याच बरोबर एप्रिल २०२६ पासून बहुतेक नव्या अर्जदारांसाठी युनिव्हर्सल क्रेडिटमधली आरोग्याची जादा रक्कम जवळपास निम्मी करण्याचा कायदाही झाला. एकीकडे करून बघ म्हणायचं आणि पडलास तर खालची जाळी अर्धी, अशाने धीर कसा यावा?

काळजी घेणाऱ्यांच्या पैशाबद्दलही बोलायला हवं. इंग्लंड-वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत ५० लाख माणसांनी आपण बिनपगारी काळजी घेतो असं लिहिलं. केअरर्स अलाउन्स २०२५-२६ साली आठवड्याला ८३ पौंड ३० पेन्स. किमान ३५ तासांनी भागा, तासाला २ पौंड ३८ पेन्स पडतात. त्याच वर्षी प्रौढ कामगाराचं किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स. वहिनींच्या दिराने सांगलीहून फोनवर विचारलं होतं, “तिकडं नवऱ्याचं करायला सरकार पगार देतं म्हणे?” वहिनी हसल्या नाहीत. युनिव्हर्सल क्रेडिटवर असलेल्या घराला तर हा भत्ता मिळतो आणि तेवढीच रक्कम क्रेडिटमधून वजा होते. काळजीवाहूसाठी म्हणून महिन्याला जी वेगळी रक्कम जोडतात तेवढाच काय तो फायदा.

आणि जे क्रेडिटवर नाहीत, घरात एक पगार आहे, त्यांच्यासाठी तर केअरर्स अलाउन्सच्या कमाईच्या मर्यादेपलीकडे सरळ कडाच आहे. एप्रिल २०२५ पर्यंत आठवड्याची कमाई १५१ पौंडांवर गेली, अगदी एक पौंडाने, तरी त्या आठवड्याचा सगळा भत्ता जायचा. एखाद्या दुकानात ओव्हरटाइम केला, सुट्टीचा पगार एकदम आला, की ओलांडलीच मर्यादा. खात्याकडे पगाराची माहिती पोहोचत असूनही वेळेवर कोणी टोकत नसे, आणि वर्षांनंतर हजारो पौंड परत मागणारं पत्र यायचं. २०२४ मध्ये यावर मोठा गदारोळ झाला. सरकारने लिझ सेस यांच्याकडे स्वतंत्र चौकशी सोपवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिचा अहवाल आला, बहुतेक शिफारशी मान्य झाल्या आणि जुनी प्रकरणं पुन्हा तपासायचं सरकारने कबूल केलं. मर्यादाही आता वाढली आहे: किमान वेतनाने १६ तासांची कमाई, म्हणजे २०२५-२६ साठी १९६ पौंड. कडा मात्र तिथेच आहे. मुलाखतीत ‘थोडे तास काम करेन’ म्हणताना बाईचा आवाज का बारीक होतो, ते या पत्रांवरून समजून घ्यावं.

यात नवख्यांची तर गोष्टच नाही. नवऱ्याबरोबर नुकतीच आलेली मुलगी, व्हिसावर सरकारी मदत न घेण्याची अट. तिच्या बाळाला अपंगत्व निघालं तर काळजी तीच, तास तेच, भत्ता नाही. तिला मुलाखतीला कोणी बोलावतसुद्धा नाही.

दादांचं पिप शेवटी मंजूर झालं. वहिनींनी तीन महिन्यांच्या आत केअरर्स अलाउन्सचा अर्ज केला, म्हणून मागचे पैसेही मिळाले (ही तीन महिन्यांची मुदत चुकवू नका, फार जण चुकवतात). वहिनींवरच्या सगळ्या अटी उठल्या. आता जॉबसेंटरची पायरी चढायचं त्यांना कारण नव्हतं. आणि पंधरवड्याने त्याच म्हणाल्या, “ताई, त्या पोरीला परत भेटता येईल का? आता विचारते मी कामाचं.”

अट उठल्यावर त्यांनी हे विचारलं. काम शोधणाऱ्याला मदत मागायला कोणाचीच मनाई नसते, अट नसलेल्यांनाही नाही. त्याच खुर्चीवर, त्याच मुलीसमोर वहिनी बसल्या आणि मोकळ्या बोलल्या. सकाळची शिफ्ट नको, कारण चहा. रात्रीची नको. आठवड्यात दोन दिवस, पाच-पाच तास, जुन्याच किचनमध्ये बघते. कोचने हिशेब करून दाखवला. दादा काम करू शकत नाहीत हे मान्य झालेलं असल्यामुळे २०२५-२६ च्या दराने महिन्याला ४११ पौंडांपर्यंत कमावलं तरी क्रेडिटला हात लागत नव्हता, त्यावरच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स कापले जात. केअरर्स अलाउन्सची मर्यादाही ओलांडली जात नव्हती. वहिनींनी ते आकडे स्वतःच्या वहीत उतरवून घेतले.

प्रश्न उरला दादांजवळ त्या दहा तासांत कोण बसणार. जॉबसेंटरकडे याचं उत्तर नाही, ते कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, असतं. २०१४ च्या केअर ॲक्टने इंग्लंडमध्ये प्रत्येक काळजीवाहूला स्वतःच्या गरजांची तपासणी मागायचा हक्क दिला आहे, आणि कायद्यात स्पष्ट आहे की ती करताना या माणसाला काम करायचं आहे का, याचा विचार झालाच पाहिजे. तिथे ‘हो, करायचंय’ म्हटल्याने काही कापलं जात नाही, उलट मदत मिळण्याची शक्यता वाढते. एकच प्रश्न दोन कचेऱ्या विचारतात. एकीकडे खरं उत्तर महागात पडेल असं वाटतं, दुसरीकडे ते उपयोगी पडतं. मला विचाराल तर दुसऱ्या कचेरीतली तपासणी आधी व्हावी, जवळ बसायला माणूस मिळावा, आणि मगच पहिल्या कचेरीने तासांचा रकाना उघडावा. पैशांचं काय होणार हे तिथे पहिल्याच मिनिटाला लेखी सांगावं.

कौन्सिलची बाई वहिनींच्या घरी आली, स्वयंपाकघरात बसली, चहा घट्ट करताना तिने पाहिलं. मंगळवार आणि गुरुवार दादांना डे सेंटरला न्यायचं ठरलं आहे, न्यायला-आणायला गाडी येईल. चमच्याने कसं भरवायचं ते तिथल्या माणसाला दाखवायला वहिनी पहिल्या मंगळवारी स्वतः बरोबर जाणार आहेत, म्हणून कामाची सुरुवात त्यांनी गुरुवारपासून मागितली आहे.